झोकरकरांनी शोधलेल्या जागा

गोपीनाथ झोकरकरांना बोलायला आवडत नाही असं परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळे म्हणत, पण ते खरं नव्हतं. गिरणी चालू होती तेव्हा हा माणूस दिवसभर बोलायचा, तेही ओरडून. साचेखात्यात माग एकदम खडखडत असताना ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, आणि झोकरकर पडले जॉबर. कुठला माग अडला, कुणाचं सूत सारखं तुटतंय, कोण कुणाशी भांडलं, हे सगळं त्यांनीच निस्तरायचं. घरी आले तरी आवाज तसाच चढा असायचा. त्यांच्या बायको सुमनताई म्हणायच्या, "अहो, घरी आलात आता. इथे माग नाहीत." त्यावर ते हसायचे आणि पुढचं वाक्यही तितक्याच मोठ्याने बोलायचे.

नव्वद साल उलटलं आणि एका सकाळी गिरणीच्या फाटकाला कुलूप दिसलं. पहिल्यांदा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कुलपं आधीही लागली होती, उघडली होती. माणसं फाटकासमोर बसून राहिली. पत्ते खेळली, घोषणा दिल्या, चहा प्यायली. मग बसणाऱ्यांची गर्दी कमी होत गेली. कुणी गावी गेलं, कुणी हातगाडी लावली, कुणी दारू जवळ केली. भोंगा वाजायचा थांबला तरी झोकरकर भोंग्याच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून तयार व्हायचे आणि मग खाटेवर बसायचे.

पुढे त्यांना कापड बाजारातल्या एका दुकानात काम मिळालं. गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचं आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घडी घालायचं. कापड बाहेरगावचं, पॉवरलूमचं. कधीतरी ते त्याची कड दोन बोटांत धरून बघायचे आणि काही न बोलता ठेवून द्यायचे. तिथे ओरडायचं कारण नव्हतं. हळूहळू बोलायचंही कारण उरलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी देवयानी तेव्हा शाळेत होती. आई घरी साड्यांना फॉल लावायची, बाप गप्प बसायचा आणि मुलगी अभ्यास करायची, असं ते घर बरीच वर्षं चाललं. मुलगी हुशार निघाली. कम्प्युटर शिकली. देशात तेव्हा बाहेरच्या कंपन्या येत होत्या. गल्लीतले लोक म्हणायचे की ज्या हवेने आपल्या गिरण्या गेल्या त्याच हवेने झोकरकरांची पोरगी उडाली. ती आधी पुण्याला गेली, तिथून कंपनीने तिला अमेरिकेत पाठवलं.

दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"अजून व्हायचंय. तू?"

"झालं माझं."

"बरं, आईला देतो."

एवढंच. फोन सुमनताईंकडे गेला की झोकरकर शेजारी उभे राहायचे आणि तिकडून काय बोलणं चाललंय ते बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचे. बोलायचं होतं, पण काय बोलायचं ते सुचत नसे. दुकानातलं सांगण्यासारखं काही नव्हतं आणि तिच्या कामातलं विचारण्याएवढं कळत नव्हतं.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात देवयानी सुट्टीवर आली. तिने बॅगेतून साबणाच्या वडीएवढं एक पिवळं यंत्र काढलं. पृथ्वीवर आपण कुठे उभे आहोत ते हे यंत्र आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगतं, असं तिने समजावलं. तिकडे या यंत्राचा एक खेळ निघाला होता. कुणीतरी एखादा डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे आणि जगातल्या कुणीही यंत्र घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा.

"म्हणजे लपाछपीच ना?" सुमनताई म्हणाल्या.

"हो आई. फक्त डबा लपतो, आपण नाही लपत."

"आणि मिळतं काय?"

"काही नाही मिळत. नवीन जागा बघायला मिळते."

इंदुरात असा एकही डबा नव्हता. पहिला आपण ठेवू, असं देवयानीच्या मनात होतं. पण खेळाचे नियम कडक होते. लपवणारा निघून गेला आणि डब्याकडे बघायला कुणी नसलं तर खेळ चालवणारे तो डबा मान्यच करत नसत. गावात राहणारा एक राखणदार लागे.

"मी तुमचं नाव दिलंय, बाबा."

"मला न विचारता?"

"आता विचारतेय ना."

झोकरकरांनी दुकानातून सुट्टी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी बापलेक जुन्या बजाज स्कूटरवर जागा शोधायला निघाले.

पहिल्याच दिवशी त्यांचं बिनसलं. झोकरकरांनी एका देवळामागचा पिंपळ दाखवला. त्याच्या बुंध्याशी जुन्या मूर्ती ठेवलेल्या होत्या. देवयानी म्हणाली, "नाही बाबा, कुणी परका येऊन देवांमागे हात घालून राहिलाय असं दिसलं तर लोक मारतील त्याला." मग त्यांनी रेल्वेच्या पुलाखालची कपार दाखवली. रेल्वेच्या हद्दीत चालत नव्हतं. एका शाळेच्या भिंतीतला कोनाडाही बाद झाला. खणायचं नाही, काही फोडायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, जागा कुणाच्या मालकीची असेल तर विचारल्याशिवाय ठेवायचं नाही. झोकरकर वैतागले. "तुझ्या खेळाला इंदुरात जागाच नाही," असं म्हणून त्यांनी स्कूटर सरळ गिरणीकडे वळवली.

फाटकावर तेच कुलूप होतं, गंजून लाल झालेलं. आत गवत माजलं होतं आणि साचेखात्याच्या छपराचे पत्रे उडाले होते. झोकरकरांनी मागच्या भिंतीतली एक फुटकी खिडकी दाखवली.

"इथे ठेव. इथे हात घातला की डबा मिळेल. अन् आत बघितलं की सगळं खातं दिसतं."

"बाबा, बंद मालमत्ता आहे ही. चौकीदार आहे. भिंत पडायला आली."

"मी बोलतो चौकीदाराशी. ओळखीचा आहे."

"तसं नाही." देवयानी उन्हाने आणि दिवसभराच्या फिरण्याने दमली होती. ती बोलून गेली, "अन् इथे कुणी कशाला येईल बाबा? बघायला आहे काय इथे?"

झोकरकरांनी किक मारली. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, जेवतानाही नाही. आपण काय बोलून बसलो ते देवयानीला कळलं होतं, पण माफी मागायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. सकाळी तिने त्यांच्यासाठी चहा केला, कप हातात दिला आणि विचारलं, "आज बिलावलीला जायचं?"

बिलावलीचा तलाव शहराच्या दक्षिणेला आहे. थंडीत तिथे लांबून बदकं येतात. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उदयसिंह नावाचा एक राखणदार होता. डब्याचं ऐकल्यावर त्याने आधी देवयानीकडे आणि मग झोकरकरांकडे पाहिलं.

"भिया, डिब्बे में कुछ ऐसा-वैसा तो नहीं?"

देवयानीने त्याला डबा उघडून दाखवला. मुद्दाम आरपार दिसणारा प्लास्टिकचा डबा घेतला होता. आत एक छोटी वही, पेन्सिल आणि हिंदीत लिहिलेली चिठ्ठी होती, की हा एक खेळ आहे, यात धोक्याचं काही नाही. झोकरकरांनी घरून स्टीलचा डबा आणला होता, पण स्टीलचा डबा बघून हल्ली पोलीस येतात, असं म्हणून तिने तो परत पिशवीत टाकायला लावला होता. उदयसिंहला खेळ काही कळला नाही, पण कुणी पाण्यात उतरणार नाही आणि कुणी दगड काढणार नाही एवढं ऐकून त्याने मान हलवली.

त्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी पाळीवर डबा लपवून पाहिला. तिने लपवायचा, त्यांनी शोधायचा. तिने एका झुडपात ठेवला, तो त्यांना लगेच सापडला. मग त्यांनी लपवला. देवयानी इकडून तिकडे फिरली, दगडांवर चढली, वाकली, यंत्र हलवून बघितलं. डबा दिसेना. पाळीच्या जुन्या पायऱ्यांच्या कडेला एक सपाट दगड बाहेर आला होता, त्याच्या पोटाशी डबा होता. माणूस पायरीवर बसला की डबा बरोबर त्याच्या गुडघ्यामागे यायचा. ती त्याच पायरीवर दमून बसली होती. झोकरकर एवढ्या मोठ्याने हसले की पाण्यावरची बदकं उठली.

"बाबा, तुम्ही किती जोरात हसता!" ती म्हणाली.

जागा ठरली. पायरीवर बसलं की सगळा तलाव समोर दिसायचा. पावसाळ्यात पाणी तिथवर चढत नाही, हे त्यांनी उदयसिंहला दोनदा विचारून घेतलं. घरी आल्यावर सुमनताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हळू बोला हो, शेजारी ऐकतील." म्हटल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की असं काही आपण किती वर्षांनी बोललो.

देवयानी परत गेली आणि रविवारचा फोन बदलला.

"बाबा, बंगळूरचा एक माणूस येऊन गेला! त्याने लिहिलंय, फार सुंदर जागा. अर्धा तास शोधत होता म्हणे."

"त्याच पायरीवर बसला असेल," झोकरकर म्हणाले आणि हसले.

ते दर रविवारी तलावावर जायचे. वही ओली झाली का बघायचे, पेन्सिलीला टोक करायचे, उदयसिंहबरोबर चहा प्यायचे. येता-जाता त्यांची नजरही बदलली. आयुष्यभर ज्या रस्त्यांवरून गेले ते रस्ते त्यांना आता नव्याने दिसू लागले. राऊच्या वाटेवरचा जुना मैलाचा दगड, अन्नपूर्णा रोडवरच्या बागेतला लोखंडी बाक, कुणाच्या तरी नावाने बांधलेली कोरडी पाणपोई. अशा जागा ते मनात धरून ठेवायचे आणि फोनवर सांगायचे.

"मैलाच्या दगडाच्या मागे."

"खणावं लागेल ना बाबा?"

"थोडंसं."

"थोडंसंही नाही."

"बरं, मग बाकाखाली. लोहचुंबक लावून."

"हां, हे चांगलंय. पण बागेत गर्दी किती असते?"

अर्धा अर्धा तास हे चाले. आधी फोन हातात यायची वाट बघणाऱ्या सुमनताई आता तक्रार करायच्या, "मला देता की नाही?" पण तक्रारीत जोर नसायचा. मुलगी आणि नवरा एकमेकांशी बोलतायत, याचं त्यांना इतकं बरं वाटायचं की आपली पाळी आली नाही तरी चालायचं.

एका रविवारी झोकरकरांनी वेगळंच काढलं. गिरणीतला एक धोटा त्यांच्याकडे होता. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा, होडीसारखा, मधे पोकळ. त्या पोकळीत फोटोच्या रोलची प्लास्टिकची डबी चपखल बसत होती. आणि गिरणीसमोर, फाटकाच्या बाहेर, सरकारी रस्त्याच्या कडेला एक जुना कडुनिंब होता. गिरणी चालू असताना जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्या बायका दुपारी त्याच्या सावलीत उभ्या राहायच्या. त्याच्या बुंध्यात हात जाईल अशी ढोली होती. ढोली रस्त्याच्या उलट्या बाजूला, त्यामुळे गर्दीतून दिसत नाही. खिळा नको, खणणं नको, भिंत नको, फाटकाच्या आत जाणं नको.

"वरून कुणाला तो लाकडाचा तुकडाच वाटेल," ते म्हणाले. "ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल."

देवयानीने त्यांना ढोलीबद्दल सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"बाबा," देवयानी म्हणाली, "हे चालेल. एकदम चालेल. मी त्या दिवशी बोलले ना, बघायला काय आहे म्हणून. बघायला आहे. मी डिसेंबरात येते, तेव्हा ठेवू. मी आल्याशिवाय ठेवायचा नाही हं."

"नाही ठेवणार."

झोकरकरांनी धोट्याला तेल लावलं, डबी बसवली आणि तो कपाटात ठेवून दिला.

ऑक्टोबरात एका सकाळी फोन वाजला. त्या दिवशी रविवार नव्हता. पलीकडे देवयानी नव्हती, शंतनु नावाचा एक मुलगा होता, तिच्या कंपनीतला. तो मराठीत बोलत होता, पण झोकरकरांना पहिल्यांदा काही कळेचना. पाऊस, हायवे, ट्रक, असे शब्द येत होते. त्यांनी विचारलं, "ती बरी आहे ना?" तो मुलगा रडायला लागला. मग त्यांना कळलं. सुमनताई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. झोकरकर त्यांच्याकडे बघत राहिले. गिरणीत शिफ्टभर ओरडून बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून एवढी एक गोष्ट निघेना. शेवटी सुमनताईंनीच येऊन त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

दोघांकडेही पासपोर्ट नव्हता. तिथल्या मित्रांनी तिला अग्नी दिला आणि शंतनु अस्थी घेऊन इंदूरला आला. पंचविशीतला, मूळचा साताऱ्याकडचा मुलगा. त्याने वाकून दोघांना नमस्कार केला आणि नंतर काय करावं ते न सुचून जमिनीवरच बसून राहिला. सुमनताईंनी त्याला जेवायला वाढलं. देवयानी तिकडे काय खायची, थंडीत तिला खोकला व्हायचा का, ते विचारत राहिल्या. तो जेवला नाही म्हणून त्याला रागावल्याही.

ओंकारेश्वरला नर्मदेत अस्थी सोडल्या. होडीत सुमनताईंनी कलश छातीशी धरून ठेवला होता, नावाडी दोनदा म्हणाला, "माताजी, छोड़ दो," तरी त्यांची बोटं सुटेनात. झोकरकरांनी एकेक बोट हाताने सोडवलं.

परतल्यावर शंतनुने बॅगेतून ते पिवळं यंत्र काढलं.

"काका, हे तिचं. तुमच्याकडे राहू दे. चालू करून दाखवू?"

"नको," झोकरकर म्हणाले.

"ती त्या धोट्याबद्दल ऑफिसात सगळ्यांना सांगायची. बाबांनी काय जागा शोधलीय, म्हणायची." शंतनुने यंत्र खाटेवर ठेवलं. "काका, आपण ठेवू या का तो? तिच्या नावाने? वेबसाइटचं सगळं मी करतो."

सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. झोकरकर उठले, कपाटापर्यंत गेले, दार उघडलं आणि आत हात न घालता परत लावलं.

"ती म्हणाली होती, मी आल्याशिवाय ठेवायचा नाही," ते म्हणाले. "मी हो म्हटलंय."



रविवारी फोन वाजेनासा झाला. त्या वेळेला घरात बसवत नसे म्हणून झोकरकर सकाळीच तलावावर जाऊ लागले. कोण येऊन गेलं हे आता सांगायला कुणी नव्हतं, ते वहीतच बघायचे. कुणी दिल्लीचं, कुणी जर्मनीचं. नावाखाली लोक लपवणारीचे आभार मानायचे. "थँक यू देवयानी," असं एकाने इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, खाली बदकाचं चित्र काढलं होतं. त्या पानावर बोट ठेवून ते बसून राहिले. उदयसिंह चहा घेऊन आला, ग्लास शेजारी ठेवला आणि निघून गेला.

आता ते घरी फारसे बोलत नसत, दुकानात तर नाहीच. सुमनताई कधी कधी मुद्दाम म्हणायच्या, "अहो, काहीतरी बोला ना, मोठ्याने बोला." ते प्रयत्न करायचे. "आज थंडी आहे," म्हणायचे. दोघं मग थंडीबद्दल बोलायची.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी ते पायऱ्यांपासून जरा लांब बसले होते. एक जोडपं आलं, तरुण, अहमदाबादचं. पुरुषाच्या हातात तसलंच यंत्र होतं. दोघं इकडून तिकडे फिरली, दगडांवर चढली, झुडपं चाळली. शेवटी ती मुलगी कंटाळून पायरीवर बसली, त्याच पायरीवर, आणि नवऱ्याला म्हणाली, "नथी मळतो, चाल." झोकरकरांनी तोंडावर हात धरला. हसू येतंय की रडू, त्यांना समजेना. मुलीने उठताना हात गुडघ्यामागे दगडाला टेकला, तो डब्याला लागला आणि ती किंचाळलीच. दोघं लहान मुलांसारखी नाचली.

वहीत नाव लिहून झाल्यावर त्यांना हा म्हातारा दिसला. तो पुरुष जवळ आला.

"अंकलजी, आप यहीं के हैं? ये किसने छुपाया, पता है आपको?"

"मेरी बेटी ने," झोकरकर म्हणाले.

"अरे वा! बहुत मुश्किल जगह ढूंढी है. हमारी तरफ से उनको बोलिएगा." मग मुलगी पुढे आली आणि तिने विचारलं, "वो यहीं रहती हैं? मिल सकते हैं?"

तलावावर बदकं उतरत होती. उदयसिंह लांब पाळीवर कुणा मुलांना पाण्यापासून हाकलत होता. झोकरकरांनी घसा साफ केला, आणि बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता असा मोठा, स्वच्छ आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"नहीं, वो अमेरिका में रहती है. बहुत काम रहता है उसको. डिसेंबर में आती है."

"तो अभी आने वाली होंगी!" मुलगी म्हणाली.

"हां," ते म्हणाले. "बस, आने वाली है."

जोडपं हात हलवत निघून गेलं. झोकरकर पायऱ्यांपाशी गेले. डबा घाईत थोडा तिरका ठेवला गेला होता, त्यांनी तो सरळ केला. मग त्याच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडले, देवयानी गेल्यापासून पहिल्यांदाच, आवाज काढून. उदयसिंह पळत आला. खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्यांचं रडणं थांबेपर्यंत त्याने हात काढला नाही.

घरी गेल्यावर त्यांनी सुमनताईंना सगळं सांगितलं. त्या जोडप्याला काय सांगितलं तेही. सुमनताई भाजी निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, निवडलेली भाजी पुन्हा एकदा चाळत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मीही येते."